आधी सुई, मग विषाणू

जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला एचआयव्ही शिकवायचा म्हटलं की पहिली स्लाइड ठरलेली असते: विषाणूचं गोल चित्र, त्यावरची गोंड्यासारखी टोकं, आत आरएनएचे दोन धागे. आम्हीही कित्येक बॅचना तिथूनच सुरुवात केली. मुली चित्र सुबक काढतात, रंग भरतात, नावं देतात. आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात इंजेक्शन देऊन झालं की दोन्ही हातांनी सुईला टोपण लावतात. म्हणून क्रम उलटा केला. आता पहिल्या दिवशी दुपारच्या सुट्टीपर्यंत एचआयव्ही हा शब्द येतच नाही. सुई येते, ट्रे येतो, हातमोजा, बादली, पिशव्या येतात. विषाणू जेवणानंतर.

दोन दिवस लागतात. ४० जणांची बॅच असेल तर आठ-आठचे पाच गट आणि प्रत्येक गटामागे शिकवणारी एक. एका ट्यूटरने ४० जणांसमोर सुई हाताळून दाखवली तर मागच्या दोन ओळींना फक्त पाठ दिसते. ट्यूटर कमी पडत असतील तर इन्फेक्शन कंट्रोल नर्स आणि वॉर्डाच्या एक-दोन इन्चार्ज सिस्टर यांना आठवडाभर आधी सांगून ठेवायचं. इन्चार्ज सिस्टर आल्याचा एक जादा फायदा होतो. वर्गात शिकवलेलं आणि वॉर्डात चालतं ते वेगळं असेल तर ते तिथेच उघड होतं.

सामानात माणशी चार सिरिंज (दोन २ मिलीच्या, दोन ५ मिलीच्या), २३ आणि २४ गेजच्या सुया, गटामागे दोन मोसंबी (इंजेक्शनच्या सरावाला), एक हब कटर (सुई तिच्या बुडाशी, म्हणजे हबपाशी, कापणारं यंत्र), पांढरा पंक्चरप्रूफ डबा, लाल आणि पिवळी पिशवी, निळी खूण असलेला बॉक्स. हातमोज्यांचे आकार मात्र स्वतः स्टोअरमध्ये जाऊन पाहावेत. बहुतेक मुलींना ६ किंवा साडेसहा लागतो आणि स्टोअरमधून साडेसातची खोकी येतात. सैल हातमोज्याचं टोक बोटाच्या पुढे लोंबतं, सिरिंजच्या दट्ट्यात अडकतं, नस चाचपताना काही कळू देत नाही. मग मुलगी तर्जनीवरचा रबर फाडून टाकते आणि तशीच रक्त काढते. तो निष्काळजीपणा वाटतो, पण दोष आकाराचा असतो.

हजेरी घेण्याआधी लसीचं कार्ड बघायचं. हेपॅटायटिस बीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी. पहिले दोन झालेले असतात, तिसरा राहतो, कारण सहावा महिना नेमका परीक्षेत किंवा सुट्टीत येतो. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लसीने तयार झालेली प्रतिपिंडं) तपासून मिलीमागे १० मिलि-युनिटच्या (mIU/ml) वर आहे का ते पाहून कार्डावर लिहून ठेवायचं. हा आकडा कुणी कधी बघत नाही. सुई लागल्यावर मात्र सगळ्यात आधी तोच विचारला जातो.

पहिला तास हातांचा. हात धुण्याच्या पायऱ्या सगळ्यांना तोंडपाठ असतात. पाठ असूनही हात कसे राहतात ते दाखवायला हळद पुरते. हळद पाण्यात पातळ कालवून दोन्ही हातांना मनगटापर्यंत लावायची, वाळू द्यायची आणि मग आंघोळीच्या साध्या वडीने, नेहमीच्या सवयीने हात चोळायला सांगायचं. साबणातल्या क्षाराने हळद लालसर होते, हळदीत चुना पडला की कुंकवाचा रंग येतो तशी. फेस धुण्याच्या आत हात वर करायला लावायचे. जिथे साबण पोचलाच नाही तिथे पिवळं राहिलेलं असतं, आणि ते जवळपास प्रत्येकीचं एकाच ठिकाणी असतं: अंगठ्याचं मूळ, नखांच्या कडा, हाताची मागची बाजू, अंगठी असेल तर तिच्याखाली. पंपातल्या लिक्विड हँडवॉशने हा प्रयोग फसतो, कारण त्यात क्षार नसल्यासारखाच असतो. पांढरा ॲप्रन आधी काढून ठेवायला सांगा, नाहीतर हळदीचे डाग वर्षभर तुमची आठवण काढतात. मग घड्याळ लावून पुन्हा धुवायला लावायचं. साबणपाण्याला ४० ते ६० सेकंद, अल्कोहोल रबला २० ते ३०. हातावर रक्त दिसत असेल तर रब चालत नाही, साबणच लागतो.

हातमोजे घालणं सोपं असतं. चुका होतात त्या काढताना. कुंकू ग्लिसरिनमध्ये कालवून घातलेल्या हातमोज्यांना फासायचं (तेलात नको, तेलाने लेटेक्स सैल पडतं आणि फाटतं, हातमोज्याखाली खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नये ते याच कारणाने). मग हातमोजे काढून, हात पांढऱ्या कागदावर ठेवायचे. पहिला मोजा तळव्याच्या बाजूने, मनगटाच्या जरा खाली बाहेरून चिमटीत धरून उलटा सोलायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत गोळा करायचा. आता मोकळ्या हाताची दोन बोटं दुसऱ्या मोज्याच्या आतून सरकवायची आणि तोही पहिल्याला पोटात घेत उलटा करायचा. चूक होते ती या दुसऱ्या पायरीला. बोटं बरोबर आत जातात, पण उघडा अंगठा सवयीने बाहेरची बाजू पकडतो. कागदावर अंगठ्याचा लाल ठसा उमटला की वेगळं समजावावं लागत नाही. दुसरी चूक म्हणजे रबर बँड ओढावा तसा हातमोजा झटकन खेचणं. शेजारणीच्या चष्म्यावर लाल ठिपके उडतात, आणि डोळ्यांचं संरक्षण कशासाठी हा तास तिथेच अर्धा होऊन जातो.

आता सुई. इथे अख्खी सकाळ गेली तरी हरकत नाही.

'टोपण लावू नका' हे वाक्य भिंतीवर असतं, वहीत असतं, प्रश्नपत्रिकेत असतं. तरी टोपण लागतं. का, ते वॉर्डात उभं राहून पाहिलं की समजतं. पांढरा डबा नर्सेसच्या टेबलाजवळ, रुग्ण बारा नंबरच्या खाटेवर. इंजेक्शन झाल्यावर उघडी सुई किडनी ट्रेमध्ये ठेवून, दोन नातेवाईक आणि झाडू मारणाऱ्या मावशी यांच्यातून वाट काढत ती मुलगी कशी जाणार? तिला टोपणच सुरक्षित वाटतं. त्यामुळे आम्ही टोपणाबद्दल ओरडणं सोडून दिलं आणि डब्याची जागा शिकवायला लागलो. ट्रॉली निघण्याआधी प्रत्येकीने मोठ्याने सांगायचं: 'डबा इथे, माझ्या उजव्या हाताला.' हात लांब करून डबा लागत नसेल तर सुई उघडायचीच नाही. एका ट्रेमध्ये पाच रुग्णांची भरलेली इंजेक्शनं घेऊन जायची पद्धत असते, तीही इथेच मोडायची. वापरलेली आणि न वापरलेली सुई एका ट्रेमध्ये आली की घोटाळा कधी ना कधी होतोच.

हब कटर प्रत्येकीच्या हातात द्यायचा. सुई नुसती टोकापुरती आत घातली तर सुई तुटते आणि हबला धारदार खुंट राहतो. तो सिरिंजबरोबर लाल पिशवीत जातो आणि पुढे कचरा उचलणाऱ्या मामांच्या मांडीला लागतो. सुई पूर्ण आत, हब कडेला टेकेपर्यंत. मग दांडा एका दमात शेवटपर्यंत दाबायचा. दांडा सोडेपर्यंत सिरिंज हलवायची नाही. सुई आणि हबचा तुकडा खाली डब्यात पडल्याचा बारीक 'टक' आवाज येतो. तो ऐकूनच सिरिंज बाहेर काढायची. नोक कापली गेल्यामुळे सिरिंज परत वापरताही येत नाही. कटरची पेटी तीन चतुर्थांश भरली की बदलायची. त्याच्या वर गेली की नवी सुई आत न जाता वर येते आणि बोटात घुसते. आयव्ही कॅन्युलाची आतली सुई, स्कॅल्प व्हेन (नळी जोडलेली बारीक सुई), लॅन्सेट, ब्लेड हे कटरमध्ये बसत नाहीत. ते थेट पांढऱ्या डब्यात. स्कॅल्प व्हेनला विशेष जपायचं. तिची नळी गुंडाळलेली असते, सोडली की सुई स्प्रिंगसारखी उसळते. सुई आणि नळी दोन्ही धरूनच टाकायची.

क्वचित टोपण लावण्यावाचून इलाज नसतो. तेव्हा एका हाताने: टोपण टेबलावर आडवं, दुसरा हात पाठीमागे, सुईने टोपण उचलून सिरिंज उभी करायची आणि टोपण टेबलाच्या पृष्ठभागावर दाबून बसवायचं. आम्ही दुसरा हात खरोखर ॲप्रनच्या बेल्टला मागे धरायला लावतो. नाहीतर शेवटच्या क्षणी तो मदतीला धावतोच.

रक्त सिरिंजमधून ट्यूबमध्ये घालतानाही तेच. ट्यूब डाव्या हातात धरून तिच्या बुचात सुई खुपसायची सवय जवळजवळ सार्वत्रिक आहे. सुई घसरली की सरळ अंगठा, आणि ती रक्ताने भरलेली, पोकळ, शिरेतून आलेली सुई असते. म्हणजे सगळ्यात वाईट प्रकारची. ट्यूब स्टँडमध्ये उभी ठेवायची, डावा हात मांडीवर.

कचऱ्याचे रंग २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे शिकवतो, पण तक्ता पाठ करून घेत नाही. तीस वस्तूंचा ढीग ओततो आणि पिशव्या भरायला लावतो. पिवळ्यात रक्ताळलेला कापूस, गॉज, बाळंतपणातली वार, मुदत संपलेली औषधं. लालमध्ये नळ्या, सलाइनची प्लास्टिक बाटली, कॅथेटर, सुई काढलेली सिरिंज, हातमोजे. पांढऱ्यात सुया आणि धारदार धातू. निळ्यात काचेच्या व्हायल आणि ॲम्प्यूल. दोन ठिकाणी सगळे अडखळतात. हातमोजे रक्ताळलेले असले की हात पिवळ्याकडे जातो, पण ते लालमध्येच. आणि फुटलेलं ॲम्प्यूल पिशवीत टाकलं जातं. ते पिशवी फाडून मामांच्या हाताला लागतं. कुठलीही पिशवी ४८ तासांच्या वर वॉर्डात नको.

रक्त सांडल्यावर काय करायचं यासाठी बीटचं पाणी वापरतो, ५० मिली, फरशीवर. आधी गणित: बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी, मिळून १ टक्का. १० टक्के असेल तर एकास नऊ. बाटलीवरचा आकडा न वाचता 'एकास नऊ' करणारे खूप. ५ टक्क्याच्या बाटलीने तसं केलं की हाती अर्धा टक्का उरतो. हातमोजे घालून आधी जुनं कापड किंवा गॉज टाकून रक्त टिपू द्यायचं, मग कडेपासून मध्याकडे द्रावण ओतायचं, किमान १० मिनिटं थांबायचं, कापड पिवळ्या पिशवीत. रक्ताचं तळं तसंच ठेवून वरून द्रावण ओतलं तर क्लोरीन रक्तातल्या प्रथिनांवरच खर्च होतो आणि जंतूंपर्यंत पोचत नाही. काच असेल तर चिमट्याने किंवा दोन पुठ्ठ्यांनी उचलायची. द्रावण रोज ताजं, अपारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात, आणि संडास धुण्याच्या ॲसिडजवळ कधीही नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

सकाळी, जेवायला जाण्याआधी, एक कागद भरून घेतो. एका रुग्णाची माहिती: वय ३५, पायाची जखम, ताप. खाली आठ कामं: गोळी देणं, रक्तदाब मोजणं, अंग पुसणं, रक्त काढणं, ड्रेसिंग, सक्शन, बेडपॅन देणं, चादर बदलणं. प्रत्येक कामाला काय घालाल? जेवणानंतर तोच कागद पुन्हा, फक्त वरच्या कोपऱ्यात एक शब्द वाढवलेला: 'रिॲक्टिव्ह', म्हणजे एचआयव्हीची तपासणी पॉझिटिव्ह. दोन्ही कागद शेजारी ठेवले की बोलावं लागत नाही. सकाळी रक्त काढायला 'काही नाही' लिहिणारी दुपारी गोळी द्यायला दोन-दोन हातमोजे लिहिते. रक्तदाबाच्या पट्ट्यापुढे 'वेगळा ठेवावा' येतं. अंग पुसायला गाऊन आणि मास्क. दोन्ही कागदांवर उत्तरं सारखीच असायला हवी होती. हातमोजे रक्त काढताना, ड्रेसिंगला, बेडपॅनला, रक्ताळलेली चादर असेल तर तिला. सक्शनला वर मास्क आणि गॉगल. गोळीला, रक्तदाबाला, न फाटलेल्या त्वचेवर हात ठेवायला काही नाही. १९८०च्या दशकात या पद्धतीला युनिव्हर्सल प्रिकॉशन्स म्हणायचे, १९९६ पासून स्टँडर्ड प्रिकॉशन्स म्हणतात. काम बघून संरक्षण ठरवायचं, रुग्ण बघून नाही, एवढाच त्याचा गाभा.

लगेच हात वर होतो: 'मॅडम, पण आधी सांगितलं तर आम्ही जास्त काळजी घेऊ ना?' हा प्रश्न दर बॅचला येतो आणि तो टाळू नये. भारतात एचआयव्हीसह जगणारे सुमारे २५ लाख लोक आहेत, राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात. त्यातल्या काहींना स्वतःलाच ठाऊक नाही. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे तपासणी निगेटिव्ह येते, आणि रक्तात विषाणू तर त्याच काळात सर्वाधिक असतो. ज्याच्या कागदावर काही लिहिलेलं नाही तो 'सुरक्षित' नसतो, त्याची फक्त माहिती नसते. शिवाय हेपॅटायटिस बी आणि सीचं काय? ते कुणी कोपऱ्यात लिहीत नाही.

इथे चवळी आणि राजमा बाहेर काढतो. एका वाडग्यात २९९ चवळीचे दाणे आणि एक राजमा. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई आत घुसली तर लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे तीनशेत एक. दुसऱ्या वाडग्यात २४० चवळी आणि ६० राजमे: लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के, त्यातला मधला आकडा. डोळे मिटून एकेक दाणा काढायला लावायचा. दुसऱ्या वाडग्यापाशी आल्यावर मुली आपापलं लसीचं कार्ड शोधायला लागतात. हेपॅटायटिस सी मध्ये कुठेतरी, २-३ टक्क्यांच्या आसपास. आणि हेपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर टिकतो, हेही याच वेळी सांगावं.

मग कुठल्या द्रवाला घाबरायचं ते. रक्त, वीर्य, योनिस्राव, पाठीच्या मणक्यातलं पाणी, फुप्फुसाभोवतालचं, पोटातलं, सांध्यातलं, गर्भजल. घाम, अश्रू, लघवी, संडास, थुंकी यांत रक्त दिसत नसेल तर कामावरचा धोका नाही. ताट-वाटी, डास, एकच बेडपॅन, शेजारची खाट यांवर चिठ्ठ्या येतात. नाव न लिहिता प्रश्न टाकायला डबा ठेवला की वर्गात कधीच न विचारले जाणारे प्रश्न मिळतात. टीबीचं मात्र वेगळं सांगावं लागतं: एचआयव्हीबरोबर टीबी असेल तर खबरदारी टीबीची, म्हणजे खोकणाऱ्या रुग्णाला साधा मास्क, आपल्याला एन-९५ आणि खिडक्या उघड्या.

कायदा पंधरा मिनिटांत उरकतो. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी नाही, परवानगीशिवाय कुणाची स्थिती उघड करायची नाही, उपचारात भेदभाव नाही. मुलींना बहुधा माहीत नसतो तो भाग त्यांच्याच बाजूचा: जिथे रक्ताशी संबंध येतो अशा संस्थेने संरक्षणाची साधनं, त्यांचं प्रशिक्षण आणि सुई लागल्यावर लागण टाळायचं औषध देणं बंधनकारक आहे. खाटेवर 'रिॲक्टिव्ह'ची पाटी लावू नये हे या तासात कळतं. पण पाटी काढायची हिंमत वॉर्डात लागते, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडून ती अपेक्षा ठेवू नये; ते इन्चार्ज सिस्टरचं काम आहे.

पॉझिटिव्ह लोकांच्या स्थानिक संघटनेतून कुणाला बोलवायचं असेल तर दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. त्यांना प्रवासखर्च आणि मानधन, इतर कुठल्याही पाहुण्या व्याख्यात्याला देतो तेवढंच. आणि 'तुम्हाला कसं झालं?' हा प्रश्न वर्गातून येणार नाही याची तयारी. विचारायचं ते दवाखान्यातल्या अनुभवाबद्दल: कोणत्या नर्सचं वागणं लक्षात राहिलं, का. औषधांचा विषय इथेच नीट बसतो: रोज एक गोळी, २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत, विषाणूचं प्रमाण मोजता न येण्याइतकं खाली राहिलं तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. यावरून मुली एक चुकीचा निष्कर्ष काढतात, की औषध चालू असलेल्या रुग्णाची सुई लागली तर काही करायला नको. करायला हवं, कळवायचंही आणि औषधाचा निर्णयही डॉक्टरांकडून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि तो वर्गात बसून होत नाही.

वॉर्डात उभ्या असलेल्या एका मुलीला सांगायचं: 'आता ८ वाजून १० मिनिटं. रक्त काढताना तुला सुई लागली. चल.' घड्याळ चालू. पहिली चूक तिथल्या तिथे: बोट तोंडात जातं, किंवा ती बोट पिळायला लागते. दोन्ही नको. सुई आधी डब्यात, मग वाहतं पाणी आणि साबण. स्पिरिट नाही, ब्लीच नाही, डेटॉल नाही, घासायचंही नाही. डोळ्यात उडालं असेल तर खुर्चीत बसवून, मान मागे, सलाइन किंवा स्वच्छ पाण्याने धुवायचं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती ठेवूनच धुवायचं, मग काढायची आणि पुन्हा धुवायचं. तोंडात गेलं तर थुंकून अनेकदा चुळा.

मग कुणाला सांगायचं? इथे निम्म्या मुली थांबतात. इन्चार्ज सिस्टर, तिथून कॅज्युअल्टीतले डॉक्टर. तिने प्रत्यक्ष चालत जायचं, औषध कुठल्या कपाटात आहे ते दाखवायचं, किल्ली मागायची. ड्रिलमध्ये उघड होणाऱ्या गोष्टी सगळीकडे साधारण सारख्याच: बेसिनवर साबण नाही, किल्ली फार्मासिस्टकडे आणि फार्मासिस्ट पाचला घरी, डबा आहे पण त्यावरची मुदत गेलेली, रात्रीच्या डॉक्टरांना फॉर्म कुठे आहे ते माहीत नाही. म्हणून एक ड्रिल रात्रपाळीतही करावं. दिवसाचं कुणीतरी निभावून नेतंच.

पहिली गोळी शक्य तर दोन तासांच्या आत. ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नाही. रुग्णाचा किंवा स्वतःचा रिपोर्ट येईपर्यंत पहिली गोळी थांबवायची नाही. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्यूडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० यांची एकत्र गोळी, रोज एक, २८ दिवस. १९९७ साली छापलेल्या एका अभ्यासात, तेव्हाच्या एकट्या झिडोव्ह्यूडिननेही लागणीची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. त्याच अभ्यासात धोका वाढवणाऱ्या गोष्टीही आल्या: खोल जखम, सुईवर दिसणारं रक्त, शिरेत किंवा धमनीत जाऊन आलेली सुई. म्हणूनच डॉक्टर हे तीन प्रश्न विचारतात, आणि उत्तरं लगेच लिहून ठेवली नाहीत तर संध्याकाळपर्यंत आठवण बदलते. न फाटलेल्या त्वचेवर रक्त पडलं तर औषध लागत नाही. ॲम्प्यूल फोडताना लागलेली काच किंवा न वापरलेली सुई यांनाही नाही. पण नोंद तेव्हाही करायची.

बेसलाइन तपासण्या संमतीने: एचआयव्ही, एचबीएसएजी (हेपॅटायटिस बी), अँटी-एचसीव्ही (हेपॅटायटिस सी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). नंतर ६ आठवडे, ३ महिने आणि ६ महिन्यांनी एचआयव्ही. तोवर रक्तदान नको, कंडोम वापरायचा. मळमळ आणि झोप न येणं पहिल्या आठवड्यात होतं, आणि तिथेच गोळ्या सुटतात. दहाव्या दिवशी एकदा फोन करून विचारावं. आणखी एक बारीक गोष्ट बऱ्याचदा राहून जाते. वसतिगृहातल्या कितीतरी मुली रक्तवाढीच्या गोळ्या घेतात. लोह, कॅल्शियम किंवा अँटासिड पोटात असलं की डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही. डोल्युटेग्राविर या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा त्यांच्यानंतर सहा तासांनी घ्यायचं. सगळ्यात सोपं म्हणजे डोल्युटेग्राविरची गोळी रात्री, लोहाची दुपारी.

सुई लागली तरी मुली सांगत नाहीत याची कारणं चिठ्ठ्यांतून कळतात: मॅडम ओरडतील, पोस्टिंगचे तास जातील, घरी कळलं तर लग्नाचं बोलणं मोडेल. शेवटच्या भीतीवर भाषण चालत नाही. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक, वही कुलपात, आणि घरी कळवायचं की नाही हे तिने ठरवायचं, एवढं लेखी सांगितलं तर फरक पडतो. ओरडण्याचं मात्र ट्यूटरनेच बंद करायचं आहे.

दुपारी लेबर रूम, सहा-सहाच्या गटाने. इथे सुईपेक्षा उडणाऱ्या रक्ताचा आणि गर्भजलाचा धोका मोठा. प्लास्टिक ॲप्रन, गॉगल (नंबरचा चष्मा गॉगल नव्हे, बाजू उघड्या राहतात), कोपरापर्यंतचे हातमोजे, बंद पादत्राणं. चपला अजिबात नको. नाळ दोन्हीकडे क्लॅम्प करून झाल्यावर कापण्याच्या जागी गॉज धरून त्याखाली कात्री चालवायची, नाहीतर अडकलेलं रक्त पिचकारीसारखं तोंडावर येतं. रिकाम्या नळीत बीटचं पाणी भरून दोन्ही टोकं बांधून हे आधी वर्गात करून घेता येतं. तोंडाने ओढायचा म्युकस सकर (बाळाच्या नाकातोंडातला चिकटा काढायची नळी) दिसला तर तो टाकून द्यायचा. बाळाला पहिल्यांदा पुसेपर्यंत हातमोजे. टाके घालताना सुई बोटाने चाचपायची नाही, नीडल होल्डर आणि फोर्सेपनेच. आणि झाल्यावर सुया मोजायच्या. मोजल्या नाहीत तर ती सुई चादरीत जाते, चादर लाँड्रीत, आणि सापडते ती मामांच्या हातात. चादर झटकायची नाही, आतल्या बाजूला गुंडाळत न्यायची.

परीक्षा तोंडी घेत नाही. प्रत्येकीने ट्रॉली लावून, एक इंजेक्शन मोसंबीत देऊन, सुई डब्यात टाकून, हातमोजे काढून दाखवायचं. शेजारी ट्यूटर मुद्दाम हाक मारते, 'अगं, इकडे ये जरा, डॉक्टर बोलावतायत.' हातात उघडी सुई असताना वळली की पुन्हा पहिल्यापासून.

तीन महिन्यांनी त्या बॅचच्या वॉर्डात जाऊन पांढरे डबे बघतो. ते अर्धपारदर्शक असतात, उघडायची गरज नसते. उजेडासमोर धरले की टोपण लावलेल्या सुया मोजता येतात. मोजायच्या, वॉर्डचं नाव आणि तारीख लिहायची, आणि डबा ट्रॉलीवर होता की टेबलावर तेही लिहायचं. जिथे डबा टेबलावर असतो तिथे टोपणं हमखास जास्त निघतात. त्या वॉर्डाला ट्रॉलीला अडकवायचा स्टँड मागवायचा, आणि पुढच्या सोमवारी मोसंबी.